आज काय विशेष?

आपल्या कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये जुन्या कपड्यांसाठी एकच दिवस राखून ठेवलेला असतो. ट्रॅडिशनल डे! त्या दिवशी पार्किंगमध्ये फेटे दिसतात, कँटीनच्या रांगेत नऊवाऱ्या दिसतात, मेकॅनिकलची मुलं धोतर सावरत सावरत लेक्चरला (म्हणजे फोटोला) येतात. चार वाजेपर्यंत सगळ्यांचे फोटो काढून होतात. भाड्याचा फेटा परत जातो, आजीची साडी कपाटात जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जीन्स, तोच टी-शर्ट, तीच सॅक!

मित्रांनो, माझं म्हणणं अगदी साधं आहे. घरातले जुने कपडे वर्षातून एकदा नाटकाच्या ड्रेपरीसारखे घालण्यापेक्षा एखाद्या साध्या मंगळवारी घालावेत. डोक्यापासून पायापर्यंत वेश करायची गरज नाही. रोजच्या कपड्यांत एक जुनी गोष्ट मिसळली तरी पुरे.

आता हे करून बघितलं की काय होतं ते सांगते. जीन्सवर खणाचा जुना ब्लाउज आणि वर पांढरा शर्ट, बटणं न लावता. एवढंच. गेटपासून लॅबपर्यंत निदान दहा जण विचारतात, "आज काय विशेष?" कुणाला वाटतं वाढदिवस आहे, कुणाला वाटतं प्रेझेंटेशन आहे, कुणाला वाटतं संध्याकाळी लग्न आहे. सगळे प्रेमाने विचारतात, माझी तक्रार नाही. पण गंमत बघा, जीन्स घालून आलेल्याला कुणी कधी विचारत नाही की आज काय विशेष. म्हणजे अमेरिकेतल्या खाणकामगारांचा कपडा आपल्यासाठी 'रोजचा' झाला आणि शेजारच्या राज्यातल्या बागलकोट जिल्ह्यात विणलेला खण 'विशेष' झाला. हे कधी झालं, कुणी ठरवलं?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. अँटिक कशाला म्हणायचं आणि व्हिंटेज कशाला? १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे. हस्तलिखितांसाठी ती पंचाहत्तर वर्षांची आहे. म्हणजे पणजीची पैठणी कदाचित त्यात बसेल, आजीची नाही बसणार. कपड्यांच्या धंद्यात मात्र वीसेक वर्षं उलटली की सरळ व्हिंटेज म्हणतात. आणि आपल्या आवडीचा विषय म्हणजे गाड्या! केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकींना व्हिंटेजचा दर्जा दिला. त्यात दोन अटी मजेशीर आहेत. पहिली, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा. दुसरी, ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन आणि हो, पेट्रोल भरायला चालते!

मला वाटतं आपण कपड्यांना नेमका दुसराच नियम लावून बसलोय. लुगडं रॅलीसाठी बाहेर काढायचं, मग झाकून ठेवायचं. आणि जो पहिला नियम लावायला हवा, चासीला हात न लावण्याचा, तो मात्र बुटिकवाल्यांच्या नादाने धडाधड मोडतोय. माझा सगळा लेख एवढ्यातच आहे : दुसरा नियम मोडा, पहिला पाळा.

पण हे सगळं पिंपरी-चिंचवडच्या मॅगझीनमध्ये कशाला, असं कुणी विचारेल. पुण्यात वाडे आहेत, केळकर म्युझियम आहे, त्यांनी जुन्याचं कौतुक करावं. आपल्याकडे काय आहे? चिंचवडला मोरया गोसावींचं देऊळ, चाकणला १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग. बाकी आपलं शहर तसं तरुणच. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, महानगरपालिका १९८२ ची. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तो २००९ मध्ये. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील नाहीतर आजोबा साताऱ्याहून, सोलापूरहून, लातूरहून, जळगावहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन इथे आले. भाड्याची खोली, मग कॉलनी, मग फ्लॅट. घर तीनदा बदललं, भांडी बदलली, फर्निचर बदललं. विचार करा, तुमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात जुनी वस्तू कोणती? दहातल्या आठ घरांत उत्तर येईल : आईची किंवा आजीची एखादी साडी. म्हणजे आपलं म्युझियम ट्रंकेत आहे!

आणि ती ट्रंक बंद का झाली, याचंही कारण आहे. माझी आजी अक्कलकोटकडची. तिने जन्मभर इरकली लुगडी नेसली. मी कॉन्व्हेंटमध्ये होते. शाळेच्या गॅदरिंगला आजी येणार म्हटल्यावर घरात कार्यक्रमाच्या आधी साडीचीच चर्चा झाली. "लुगडं नको, ती सिंथेटिक नेसा, तिथे सगळे तसेच येतात," असं तिला समजावलं गेलं. कुणी वाईट हेतूने बोललं नाही. गावाकडून आलेलं माणूस शहरात गावंढळ दिसू नये, एवढंच. आजी मुकाट्याने गोल साडी नेसली. पुढे पुढे रोजच नेसायला लागली. इरकल ट्रंकेत गेलं.

आज तेच इरकल 'एथ्निक' म्हणून मॉलमध्ये काचेच्या मागे टांगलेलं असतं. खणाचा ड्रेस, खणाची पर्स, खणाची फ्रेम, खणाचं डायरीचं कव्हर! मॉलमध्ये पाहिलं की ते फॅशनेबल आणि भाजी विकणाऱ्या मावशींच्या अंगावर पाहिलं की गावंढळ. कापड तेच, काठ तोच, पदर तोच. फरक फक्त कोण घालतंय याचा. जुने कपडे रोज घालण्यात मला म्हणूनच नुसती फॅशन दिसत नाही. ज्या कपड्याची आपल्या घरांना लाज वाटली, तो घालून आपल्याच आजीबरोबर डी-मार्टमध्ये जाता आलं पाहिजे. फोटोशूटमध्ये इरकल नेसणं सोपं आहे हो!

आता आक्षेपांकडे वळूया. पहिला आक्षेप संस्कृतीरक्षकांचा. नऊवारीवर स्पोर्ट्‌स शूज? खणाच्या चोळीवर जीन्स? आपल्या परंपरेचा अपमान! मला विचाराल तर नऊवारी हा मुळात कामाचा कपडा आहे. आपल्या शेजारी मावळात भातलावणीला बायका गुडघाभर चिखलात कासोटा घालून उभ्या राहतात. कासोटा घातला की पाय मोकळे राहतात, वाकता येतं, धावता येतं. आणि जीन्स? १८७३ मध्ये जेकब डेव्हिस नावाचा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस या दोघांनी पँटच्या खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट मारण्याचं पेटंट घेतलं. कारण मजुरांचे खिसे तिथेच फाटायचे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण शिकतो तेच, ताण जिथे एकवटतो तिथे मजबुती द्या. म्हणजे नऊवारी आणि जीन्स दोन्ही कष्टकऱ्यांचे कपडे! आपल्या कामगारनगरीत त्यांची जोडी जमू नये तर कुठे जमावी?

आणि जुनं नव्यात मिसळणं आपल्या शहराला काही नवीन नाही. बजाजची चेतक १९७२ ची. अर्ध्या महाराष्ट्राचा संसार तिच्यावर बसून फिरला. ती बंद झाली आणि २०१९ मध्ये तेच नाव, तसाच गोलसर घाट आणि धातूची बॉडी घेऊन विजेवर चालणारी चेतक आली. आत मोटर नवी, वर रूप जुनं. त्याला आपण 'रेट्रो लुक' म्हणून नावाजतो. मग आजोबांची बंडी टी-शर्टवर घातली तर हसायचं काय कारण?

दुसरा आक्षेप आईचा. "खराब होईल!" हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर इंजिनिअरसारखं द्यायला हवं. कपडा वापराने झिजतो हे बरोबर. पण नुसता पडूनही मरतो. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की घडीच्या रेषेवर धागे कमजोर होतात आणि एक दिवस साडी बरोबर घडीवरच चिरते. आपली आई दर काही महिन्यांनी घडी बदलते ते यासाठीच. जरीतली चांदी हवेतल्या गंधकामुळे काळी पडते. डांबरगोळी जरीला चिकटून ठेवली तर तिथे डाग पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. सुती लुगडं खळ न काढता ठेवलं की कसर लागते. म्हणजे 'जपून ठेवलंय' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ते हळूहळू संपत असतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा नेसा, सावलीत वारा लागू द्या, घडी बदलून सुती कापडात गुंडाळून ठेवा. आपल्या भाषेत नव्या साडीची 'घडी मोडणं' हा केवढा मानाचा शब्द आहे! जुन्या साडीची घडी मोडायला आपण का घाबरतो?

धुण्याचंही ऐका. जुना कपडा मशीनमध्ये टाकू नका. आधी एका कोपऱ्याला ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का बघा. रेशमाला रिठ्याचं पाणी, सुतीला साधं थंड पाणी. पिळू नका, उन्हात टाकू नका. परफ्यूम कपड्यावर मारू नका, जरीवर तर नाहीच नाही. अंगाला घट्ट बसणारा जुना ब्लाउज काखेत आणि पाठीवर आधी फाटतो, तिथे आतून मलमलचं अस्तर लावून घ्या.

आता चासीचा नियम. सध्या सगळीकडे चाललंय काय, की आईची साडी आणा, आम्ही गाऊन शिवून देतो! चांगल्या धडधाकट पैठणीला कात्री लावतात आणि दोन लग्नांनंतर तो गाऊन कुणालाच होत नाही. साडीची खरी ताकद हीच की ती शिवलेली नाही. आई जाड असो, मुलगी बारीक असो, साडी दोघींना होते. 'वन साइज फिट्‌स ऑल' म्हणतात ते हेच! ती कापली की एकाच मापात अडकते.

शिवाय कापताना काय कापतोय हे तरी माहीत हवं. खरी पैठणी उलटी करून बघा. काठ आणि पदर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, लोंबणारे धागे नसतात, कारण नक्षी आडव्या धाग्यांना एकमेकांत गुंतवून हाताने विणलेली असते. इरकलात अंग आणि पदर जिथे मिळतात ती जागा नीट पाहा. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. दोन्हींचे धागे फासांनी एकमेकांत अडकवून जोडतात. याला कोंडी म्हणतात. आणि असा ताणा एका वेळी एकाच साडीचा लावतात. सगळ्या मशीन डिझाइनच्या पुस्तकात मला इतका देखणा जॉइंट दिसलेला नाही. तो कात्रीने कापून उशीचा अभ्रा करायचा असेल तर मग काय बोलणार!

मग कधीच कापू नये का? तसंही नाही. आपल्या आज्यांकडे याची पूर्ण पद्धत होती. लुगडं मधे विरलं की दोन लुगड्यांचे चांगले भाग जोडून दंड घालायचा. ते दंडाचं लुगडं घरात वापरायचं. तेही विरलं की बाळाची झबली, दुपटी. मग गोधडी. गोधडीचं शेवटी पोतेरं. आणि मधेच बोहारीण आली की काही कपडे देऊन पातेलं! 'लाइफ सायकल अ‍ॅनालिसिस' हा विषय आपल्याला आता शिकवतात, आज्या न शिकता करत होत्या. त्यावरून मी तीन सोपे नियम केलेत. धड असेल तर कापू नका, नुसतं नेसा किंवा पांघरा. अंग विरलं असेल आणि काठ-पदर चांगले असतील तर तेवढे वाचवा. सगळंच विरलं असेल तर गोधडी. आणि जोडताना वेल्डिंग नको, नट-बोल्ट हवेत! म्हणजे काठ कुर्त्याला लावायचा तर हाताने धावदोरा घाला. उद्या कुर्ता जुना झाला तर काठ उसवून दुसरीकडे लावता येईल.

आता प्रत्यक्ष घालायचं कसं? एका वेळी एकच जुनी गोष्ट. हा नियम पाळला की वेश वाटत नाही, कपडे वाटतात. इरकल नेसायची असेल तर ब्लाउजऐवजी साधा पांढरा किंवा काळा शर्ट, बाह्या दुमडून. पदर पिनअप करून खांद्यावर, पायात रोजचे बूट. दागिने नकोत, घड्याळ पुरे. विरलेल्या साडीचा वाचवलेला पदर ओढणीसारखा साध्या कुर्त्यावर घ्या. खणाची चोळी डेनिमच्या स्कर्टवर किंवा जीन्सवर, वर मोकळा शर्ट. आईचा १९९० च्या सुमारचा सिल्कचा ब्लाउज ढगळ होत असेल तर तसाच ढगळ राहू द्या, टॉपसारखा घाला. जुन्या दिसणाऱ्या कपड्यांबरोबर बाकी सगळं साध्या एकरंगी कापडाचं ठेवा. आणि इस्त्री कडक! चुरगळलेला जुना कपडा नुसताच जुना दिसतो.

मुलांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. आजोबांचा काळा लोकरी कोट प्रत्येक घरात कुठेतरी असतोच. डिसेंबरात सकाळच्या लेक्चरला तो टी-शर्ट-जीन्सवर घाला. बाह्या मोठ्या असतील तर आत दुमडा, कापू नका. पोटाशी खिसा असलेली पांढरी बंडी रंगीत टी-शर्टवर जॅकेटसारखी शोभते आणि त्या खिशात मोबाइल बरोबर मावतो. उपरणं मफलरसारखं गळ्यात. वडिलांचं चावीचं एचएमटी घड्याळ ड्रॉवरमध्ये बंद पडलं असेल तर दुरुस्त करून घ्या. ती कंपनीच बंद करायला सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. शिवायचं, उसवायचं, रफू करायचं काम पिंपरी कँपात होतं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेला तो बाजार लग्नाच्या खरेदीसाठी प्रसिद्ध आहेच, पण तिथे माप घेऊन जुनं नीट करून देणारे शिंपीही आहेत. घरात काही नसेल तर पुण्यातला जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी. मात्र घासाघीस करता आली पाहिजे!

एका ठिकाणी मात्र हे सगळं बंद. वर्कशॉप! लेथजवळ पदर, ओढणी, उपरणं, ढगळ बाही काहीही चालणार नाही. फिरत्या चकमध्ये कापड अडकलं की कापड सुटत नाही, माणूस ओढला जातो. त्या दिवशी मुकाट्याने खाकी अ‍ॅप्रन. बुलेटवर किंवा स्कूटीवर मागे बसतानाही पदर आत खोचा. जुना कपडा जपायचा तर आधी घालणारी जपली पाहिजे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. आपल्यापैकी बरेच जण दर सेमिस्टरला स्वस्त टी-शर्ट घेतात आणि पुढच्या सेमिस्टरला त्याने गाडी पुसतात. इतकं स्वस्त कसं मिळतं? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं मेली. त्यातले बहुतेक जगभरच्या ब्रँडसाठी कपडे शिवणारे कामगार होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं. कारखान्यांच्या गावात वाढलेल्या मुलांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. घरात पडून असलेली एक साडी बाहेर काढल्याने जग सुधारणार नाही, हे मलाही कळतं. पण एक टी-शर्ट कमी घेतला जाईल एवढं नक्की.

आणि एक विनंती. ट्रंक उघडण्याआधी विचारा. परवानगीसाठी तर विचाराच, पण माहितीसाठीही. ही कुठून घेतली, कुणी दिली, कधी नेसली होतीस? मी विचारलं तेव्हा आजी आधी म्हणाली, "आगं, जुनं झालंय ते, कशाला काढतीस?" आणि मग अर्धा तास बोलत राहिली. काठ, पदर, ताणा, कोंडी, दंड हे शब्द मला शाळेत कुणी शिकवले नाहीत, ते त्या अर्ध्या तासात मिळाले. ही माहिती कुठल्याही लेबलवर छापलेली नसते आणि ती सांगणारी माणसं कायम राहणार नाहीत.

तेव्हा ट्रॅडिशनल डे खुशाल करा, फेटेही बांधा. फक्त दुसऱ्या दिवशी सगळंच कपाटात ठेवू नका, एक तरी गोष्ट बाहेर राहू द्या. टाइमटेबल बघितलंय मी, गुरुवारी आपल्याला वर्कशॉप नाही. बघा, जमतंय का!